प्रभाग रचना आणि येणारी जनगणना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या महापालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि ग्रामपंचायती यांच्या प्रभागांबद्दलची ही प्रश्नोत्तरं आहेत. नव्या जनगणनेनंतर या सगळ्या सीमा पुन्हा आखल्या जाणार आहेत. आपला प्रभाग कसा ठरतो आणि त्यात आपल्याला कुठे बोलता येतं, हे आधीपासून माहीत असलं तर ऐन वेळी धावपळ होत नाही.

प्रभाग रचना म्हणजे नेमकं काय?

निवडणुकीसाठी शहराचे किंवा गावाचे भाग पाडणं. प्रत्येक भागातून ठरावीक सदस्य निवडून येतात. महापालिका आणि नगरपरिषदेत या भागाला प्रभाग म्हणतात, जिल्हा परिषदेत निवडणूक विभाग (बोलीत ‘गट’), पंचायत समितीत निर्वाचक गण. ग्रामपंचायतीतही प्रभागच, पण गावात सगळे त्याला वॉर्ड म्हणतात.

मुंबईकरांचा एक घोळ इथेच मिटवू. ‘जी उत्तर’, ‘के पूर्व’ हे प्रशासकीय विभाग आहेत. पाणी, कचरा, परवाने यांची कामं तिथून चालतात. नगरसेवक ज्यातून निवडून येतो तो प्रभाग वेगळा आणि त्याला क्रमांक असतो.

लोकसंख्या कोणत्या वर्षाची धरतात?

राज्यघटनेने याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. पंचायतींसाठी अनुच्छेद २४३ आणि नगरपालिकांसाठी २४३-त मध्ये ‘लोकसंख्या’ या शब्दाची व्याख्या आहे : ज्या शेवटच्या जनगणनेचे संबंधित आकडे प्रसिद्ध झाले आहेत, तिच्यातली लोकसंख्या. यात ‘प्रसिद्ध झाले’ हे शब्द महत्त्वाचे. मोजणी होऊन गेली, पण आकडे जाहीर झाले नाहीत, तर जुनेच आकडे चालतात.

२०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली. त्यामुळे २ डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदांचं आणि १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांचं मतदान झालं, तेव्हाही प्रभाग २०११ च्या लोकसंख्येवर आखलेले होते. म्हणजे पंधरा वर्षं जुन्या मोजणीवर. आधार कार्डांची संख्या, मतदारसंख्या, महापालिकेचा स्वतःचा अंदाज यांपैकी काहीही त्या जागी वापरता येत नाही.

नवी जनगणना कधी?

केंद्र सरकारने १६ जून २०२५ ला अधिसूचना काढली. संदर्भ क्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरतात तो, १ मार्च २०२७ च्या रात्री बाराचा आहे. लडाख आणि जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडमधल्या बर्फाळ भागांसाठी मात्र १ ऑक्टोबर २०२६. घरयादी आणि घरगणनेचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, असं वेळापत्रक ठरलं आहे. ही पहिली डिजिटल जनगणना. प्रगणक (घरोघरी जाऊन मोजणी करणारे कर्मचारी) मोबाइल अॅपवर माहिती भरतील आणि ज्यांना हवं त्यांना स्वतःची माहिती स्वतः ऑनलाइन भरता येईल.

जनगणना चालू असताना गावांच्या, तालुक्यांच्या, शहरांच्या हद्दी बदलता येत नाहीत. या वेळी त्या ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या गेल्या. आमचं गाव महापालिकेत घ्या किंवा महापालिकेतून काढा, असली मागणी या काळात पुढे सरकत नाही ती त्यामुळेच.

आकडे आले की आमचा प्रभाग लगेच बदलेल का?

नाही. निवडून आलेल्या सभागृहाची मुदत पाच वर्षांची असते आणि तोवर प्रभाग तेच राहतात. मधे पोटनिवडणूक लागली तरी ती जुन्याच सीमांवर होते. जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्या महापालिकांची मुदत २०३१ च्या सुरुवातीला संपेल. तेव्हाच्या निवडणुकीआधी जी प्रभाग रचना होईल, ती २०२७ च्या आकड्यांवर होणं अपेक्षित आहे. ग्रामपंचायतींच्या मुदती वेगवेगळ्या वेळी संपतात, त्यामुळे काही गावांत नवे आकडे शहरांच्या आधी लागू होतील.

सभागृहात एकूण जागा किती, हे कोण ठरवतं?

कायदा ठरवतो, लोकसंख्येच्या पायऱ्यांनुसार. महापालिकांची पायरी अशी : तीन ते सहा लाख लोकसंख्येला किमान ६५ आणि कमाल ८५ सदस्य, सहा ते बारा लाखांना ८५ ते ११५, बारा ते चोवीस लाखांना ११५ ते १५१, चोवीस ते तीस लाखांना १५१ ते १६१ आणि तीस लाखांच्या वर १६१ ते १७५. प्रत्येक पायरीवर किती जादा लोकसंख्येमागे एक जादा सदस्य, तेही ठरलेलं आहे.

नाशिकचं गणित करून बघू. २०११ ची लोकसंख्या १४,८६,०५३. बारा लाखांच्या पायरीवर ११५ सदस्य मिळाले. वरची लोकसंख्या २,८६,०५३ आणि या पायरीवर दर ४०,००० मागे एक. सात पूर्ण भाग बसतात. म्हणून नाशिकला १२२ नगरसेवक. पिंपरी-चिंचवडचे १२८ आणि ठाण्याचे १३१ याच पायरीवरून, याच रीतीने आले आहेत. पुण्याची लोकसंख्या समाविष्ट गावांसह ३४,८१,३५९. तिथे वरच्या पायरीवर दर लाखामागे एक, म्हणून १६१ अधिक ४, एकूण १६५.

नव्या जनगणनेत आपल्या शहराचा आकडा काय येतो, यावर जागा वाढतील की नाही, हे तुम्हाला घरबसल्या काढता येईल.

मुंबईत २२७ च का? लोकसंख्या वाढली तर?

मुंबईला वेगळा कायदा आहे, १८८८ चा. त्यात पायऱ्या नाहीत, थेट संख्या लिहिली आहे. ती बदलायची तर कायदा बदलावा लागतो. तो एकदा बदललाही होता. २०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारने लोकसंख्या वाढल्याचा मुद्दा पुढे करून २२७ चे २३६ केले, प्रभागही नव्याने आखले गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये शिंदे सरकारने ते परत २२७ वर आणले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने २२७ कायम ठेवले. २३६ प्रभागांच्या नकाशावर एकही मत पडलं नाही.

या साऱ्या खटाटोपाला नव्या जनगणनेचा आधारच नव्हता. लोकसंख्या वाढली हे रेल्वेच्या फलाटावर उभं राहिलं तरी कळतं. पण किती आणि कुठे वाढली, हे सांगणारा प्रसिद्ध आकडा हातात नसला की दोन्ही बाजूंना हवं ते म्हणता येतं.

सगळ्या प्रभागांची लोकसंख्या सारखी असते का?

जवळपास. एकूण लोकसंख्येला एकूण सदस्यसंख्येने भागायचं आणि प्रभागात जितके सदस्य तितक्याने गुणायचं. ही झाली सरासरी. तिच्यापेक्षा दहा टक्के कमी किंवा जास्त चालतं.

नाशिकचंच उदाहरण पुढे नेऊ, कारण हे आकडे खाली हरकतीच्या प्रश्नात पुन्हा लागतील. १४,८६,०५३ भागिले १२२ म्हणजे सदस्यामागे साधारण १२,१८१ लोक. चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी ४८,७२३. दहा टक्के खाली-वर धरले तर प्रभाग ४३,८५१ ते ५३,५९५ या मर्यादेत बसला पाहिजे. १२२ ला चारने भाग जात नाही, म्हणून तिथे २९ प्रभाग चार सदस्यांचे आणि दोन तीन सदस्यांचे, असे ३१ प्रभाग आहेत.

मुंबईत प्रभागामागे एकच सदस्य. २०११ च्या १,२४,४२,३७३ लोकसंख्येला २२७ ने भागलं की सरासरी साधारण ५४,८१२ येते.

मग आमच्या प्रभागात मतदार शेजारच्या प्रभागाच्या कितीतरी पट कसे?

कारण प्रभाग लोकसंख्येवर आखतात, मतदारसंख्येवर नाही, आणि ती लोकसंख्याही २०११ ची. मतदार यादी मात्र आजची.

पुण्याच्या कडेची गावं बघा. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली (पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली). यातल्या कित्येक गावांत २०११ साली शेती होती, आज तिथे वीस-पंचवीस मजल्यांचे टॉवर आहेत. जनगणनेच्या कागदावर ती अजून छोटी गावंच आहेत. म्हणून सरासरी गाठायला तिथला प्रभाग भूगोलाने लांबरुंद करावा लागतो, आणि आजचे मतदार मोजले की तो फुगलेला दिसतो. उलट जुन्या पेठांतली माणसं उपनगरांत गेली. कागदावर तिथली लोकसंख्या भरघोस, यादीत मतदार कमी. दोन्हीकडे नगरसेवक चारच. म्हणजे पेठेतल्या एका मताचं वजन कडेच्या गावातल्या मतापेक्षा जास्त भरतं, आणि हे कुणी लबाडी न करता घडतं.

शिळ्या जनगणनेचा सर्वांत मोठा तोटा हाच. रेषा कुणी कशा ओढल्या यावर जेवढी भांडणं होतात, त्याच्या निम्मी तरी या मुद्द्यावर व्हायला हवी होती, असं मला वाटतं.

रेषा प्रत्यक्ष कोण आखतं?

महापालिकेत आयुक्तांनी नेमलेली अधिकाऱ्यांची समिती, नगरपरिषदेत मुख्याधिकारी, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीसाठी जिल्हाधिकारी कार्यालय, ग्रामपंचायतीसाठी तहसीलदार. निवडून आलेल्या लोकांना यात औपचारिक भूमिका नाही. अनौपचारिक किती असते, हे तुम्हीही जाणता.

वरच्या पातळीवर दोन संस्था आहेत, राज्य सरकार आणि राज्य निवडणूक आयोग. १९९४ मध्ये स्थापन झालेला हा आयोग भारत निवडणूक आयोगाहून वेगळा आहे आणि त्याच्याकडे फक्त स्थानिक निवडणुका असतात. पूर्वी प्रभाग रचनेचं काम आयोगाकडेच होतं. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदे दुरुस्त करून ते राज्य सरकारकडे घेतलं. ओबीसी आरक्षणाचा पेच (त्याबद्दल पुढे) सुटेपर्यंत निवडणुका होऊ नयेत, अशी त्या वेळी सगळ्याच पक्षांची इच्छा होती आणि विधेयकं एकमताने मंजूर झाली. आता महापालिकांच्या रचनेचं प्रारूप, म्हणजे कच्चा मसुदा, आयुक्तांकडून नगरविकास विभागामार्फत आयोगाकडे जातं आणि आयोगाच्या मान्यतेनंतर प्रसिद्ध होतं.

निवडणूक ज्यांना लढवायची आहे, त्यांच्याच हातात मैदान आखण्याचं काम असू नये. अधिकार आयोगाकडे होता तेच बरं होतं, असं माझं मत आहे, आणि सत्तेत कुणीही असलं तरी ते बदलणार नाही.

रेषा आखताना कोणते नियम पाळतात?

सुरुवात शहराच्या उत्तरेकडून होते. तिथून ईशान्येकडे, मग पूर्वेकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत शेवट दक्षिणेला. प्रभागांचे क्रमांकही याच ओघाने पडतात. प्रभाग १ कायम शहराच्या वरच्या टोकाला सापडतो तो म्हणून.

सीमा शक्यतो मोठे रस्ते, नदी, नाले, रेल्वेमार्ग, उड्डाणपूल यांवरून जाव्यात. प्रभाग सलग असावा. दळणवळण तुटू नये, म्हणजे नदीपलीकडची चार घरं पूल नसताना अलीकडे जोडू नयेत. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या फोडू नयेत. आणि सर्वांत मोलाचा नियम : प्रगणक गट शक्यतो फोडू नये.

प्रगणक गट म्हणजे काय?

जनगणनेत एका प्रगणकाला मोजायला दिलेला भाग. साधारण सव्वाशे-दीडशे घरांचा. जनगणनेची लोकसंख्या या गटापर्यंतच मिळते, त्याखाली घरनिहाय मिळत नाही. त्यामुळे प्रभाग हा प्रगणक गट एकमेकांना जोडूनच तयार करावा लागतो. गट मधून चिरला तर अर्ध्या गटात किती लोक, याचं उत्तर अंदाजानेच द्यावं लागतं.

२०११ मध्ये या गटांचे नकाशे प्रगणकाने हाताने काढलेले नजरी नकाशे होते. ‘मारुती मंदिर’, ‘पाटलांचा वाडा’, ‘मोकळी जागा’ अशा खुणांचे. त्या मोकळ्या जागेवर आता आठ इमारती असतील तर त्या कोणत्या गटात, यावरून खरोखर घोळ होतात. या वेळी गट डिजिटल नकाशावर आखले जात असल्याने हा त्रास कमी व्हायला हवा.

आमच्या सोसायटीची अर्धी घरं एका प्रभागात, अर्धी दुसऱ्यात. हे कसं काय?

बहुतेक वेळा कारण वरचंच. २०११ नंतर बांधलेली सोसायटी दोन जुन्या प्रगणक गटांच्या हद्दीवर उभी आहे. कधी मूळ प्रभाग रचना बरोबर असते आणि चूक मतदार यादी फोडताना होते. पहिलं असेल तर प्रभाग रचनेवर हरकत, दुसरं असेल तर प्रारूप मतदार यादीवर हरकत. दोन्हींची वेळ वेगळी असते आणि एकीच्या वेळी दुसरी घेऊन गेलात तर परत पाठवतात.

नकाशा मुद्दाम कुणाच्या सोयीने काढला आहे, हे ओळखता येतं का?

पुष्कळदा येतं. सोयीचा नकाशा दोनच मार्गांनी होतो. विरोधकाची एकगठ्ठा वस्ती दोन-तीन प्रभागांत वाटून टाकायची, म्हणजे ती कुठेच निर्णायक ठरत नाही. किंवा त्याच्या सगळ्या वस्त्या एकाच प्रभागात कोंबायच्या, म्हणजे तिथे तो हजारो मतांनी जिंकतो आणि शेजारच्या तिन्ही प्रभागांत हरतो.

नकाशावर खुणा दिसतात. सीमा हमरस्त्यावरून चालली आहे आणि एकाएकी गल्लीत शिरून, एक चौक वळसा घालून परत रस्त्यावर येते. प्रभागाला एक चिंचोळी जीभ फुटते आणि तिच्या टोकाला एकच वस्ती असते. पण घाईने आरोप करू नका. अशी जीभ दहा टक्क्यांची मर्यादा सांभाळण्यासाठीही निघते. आकडे मांडून पाहा : ती वस्ती सरळ रेषेच्या बाजूला टाकली असती तरी दोन्ही प्रभाग मर्यादेत बसत होते का? बसत असतील, तर तुमच्या हातात खरा मुद्दा आहे.

चार सदस्यांचा प्रभाग ठेवायचा की एकाचा, हे जनगणनेवरून ठरतं का?

नाही, हा निव्वळ सरकारचा निर्णय असतो. मुंबई सोडून बाकी महापालिकांत २००२ मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग होते, २००७ मध्ये एकाचे, २०१२ मध्ये दोनाचे, २०१७ मध्ये चाराचे. २०२१ मध्ये पुन्हा तीनाचे ठरले, निवडणूक न होताच ते रद्द झाले, आणि २०२६ ची निवडणूक चाराच्या पद्धतीने झाली. मतदाराला चार मतं द्यावी लागतात, अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी एक.

पन्नास हजार किंवा पुण्यासारखं ऐंशी हजारांवर लोकसंख्येचं क्षेत्र एकट्या अपक्षाला पायी फिरणंही जड जातं. पक्षाचं पॅनेल असलेल्याला ते सोपं. आणि निवडून आल्यावर रस्त्यातल्या खड्ड्याची तक्रार चौघांपैकी कुणाकडे न्यायची, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

आरक्षण प्रभाग रचनेतच ठरतं का?

आधी रचना अंतिम होते, मग आरक्षण. अनुसूचित जाती आणि जमातींच्या जागा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात. ज्या प्रभागांत त्यांची टक्केवारी सर्वाधिक, तिथून उतरत्या क्रमाने. ओबीसींसाठी २७ टक्के. या सगळ्यांत आणि खुल्या जागांतही निम्म्या महिलांसाठी, आणि त्या सोडतीने. मुंबईच्या २२७ मध्ये अनुसूचित जातींना १५, जमातींना २, ओबीसींना ६१ जागा आणि एकूण ११४ महिलांसाठी, असा हिशेब २०२६ साठी झाला.

नव्या जनगणनेनंतर अनुसूचित जाती-जमातींची टक्केवारी प्रभागनिहाय बदलेल, म्हणजे आरक्षित प्रभागही हलतील. आज एखाद्या प्रभागात पाया घालून बसलेल्या इच्छुकांनी हे लक्षात ठेवावं.

जातगणनेचा ओबीसी आरक्षणावर परिणाम होईल का?

आकड्यांची उणीव भरून निघेल, एवढं नक्की. सर्व जातींची मोजणी जनगणनेत शेवटची १९३१ मध्ये झाली होती. ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने विकास गवळी खटल्यात महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांमधलं ओबीसी आरक्षण अडवलं, ते मुख्यतः याच कारणाने : समर्पित आयोगाने स्थानिक संस्थानिहाय माहिती गोळा केलेली नाही, आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या वर जाता कामा नये. मग ही माहिती गोळा करायला बांठिया आयोग आला, त्याचा अहवाल आला, त्यावर वाद झाले. ६ मे २०२५ ला न्यायालयाने बांठिया अहवालाआधी होतं तसं आरक्षण ठेवून निवडणुका घ्यायला सांगितलं. २०२७ च्या जनगणनेत जात विचारली जाणार आहे. मात्र पन्नास टक्क्यांची मर्यादा हा आकड्यांचा नव्हे, कायद्याचा प्रश्न आहे. मोजणीने तो सुटत नाही.

गावाकडे काय पद्धत?

ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य. दीड हजारांपर्यंत लोकसंख्या असेल तर ७, पुढे दर दीड हजारांच्या टप्प्याला दोन वाढत जातात, साडेसात हजारांच्या वर १७. एका वॉर्डात दोन किंवा तीन सदस्य. जिल्हा परिषदेत ५० ते ७५ गट आणि प्रत्येक गटात पंचायत समितीचे दोन गण. गट आखताना शक्यतो अख्खी गावं घेतात, त्यामुळे शहरासारखी गल्लीची भांडणं नसतात. गाव कोणत्या गटात जातं आणि गटाला नाव कोणत्या गावाचं मिळतं, यावर मात्र चांगलीच पेटते.

आम्ही राहतो मुंबईत, पण जनगणनेत नाव कोकणातल्या घरी द्यावं का? गावाची लोकसंख्या तेवढीच वाढेल.

देऊ नका. जनगणना तुम्ही प्रत्यक्ष जिथे राहता तिथे मोजते. भाड्याच्या खोलीतला विद्यार्थी, साइटवरचा मजूर, सगळे जिथे राहतात तिथेच. दोन्हीकडे नाव देणं म्हणजे चुकीची माहिती देणं. शिवाय तोटा तुमचाच : शाळा, पाणी, बस वापरता मुंबईत आणि माणूस म्हणून मोजले जाता गावात, म्हणजे तुमच्या प्रभागाचा वाटा तेवढा कमी. मतदार यादी वेगळी आहे, तिथलं नाव जनगणनेमुळे इकडचं तिकडे होत नाही. जनगणनेत दिलेली माहिती १९४८ च्या कायद्याने गोपनीय असते. ती कर खात्यालाही मिळत नाही आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही.

प्रारूप रचनेवर हरकत कशी घ्यायची?

सगळ्यात आधी, वेळ. मुदत फार थोडी असते. २०२५ मध्ये जिल्हा परिषदांसाठी १४ ते २१ जुलै, म्हणजे जेमतेम आठवडा. मुंबई-पुण्यात २२ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर, आणि मधे २७ ऑगस्टला गणपती बसले. प्रारूप महापालिकेच्या संकेतस्थळावर, मुख्यालयात आणि क्षेत्रीय कार्यालयांत लावतात. नकाशासोबत प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या, त्यातली अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या आणि चारही बाजूंच्या सीमांचं वर्णन असतं.

‘आमच्या भागावर अन्याय झाला आहे, तरी योग्य तो विचार व्हावा’ अशा हरकती ढिगाने येतात आणि ढिगानेच निकाली निघतात. हरकतीत तीन गोष्टी असाव्यात : कोणता नियम मोडला, त्याऐवजी रेषा कुठून जावी, आणि तसं केल्यावर दोन्ही प्रभागांची लोकसंख्या किती होईल. तिसरी गोष्ट लोक विसरतात.

समजा वरच्या नाशिकच्या मर्यादेत एका प्रभागाची लोकसंख्या ४४,९०० आहे. तुमची १,५०० लोकांची वस्ती त्यातून काढून शेजारी जोडा, अशी मागणी आहे. उरतात ४३,४००, आणि किमान मर्यादा ४३,८५१. मागणी कितीही रास्त असली तरी इथेच बाद. पण सोबत दुसऱ्या बाजूची हजारभर लोकांची वस्ती या प्रभागात आणा असं सुचवलंत, तर आकडा ४४,४०० होतो आणि अधिकाऱ्याला ‘बसत नाही’ म्हणता येत नाही. अर्थात शेजारचे प्रभागही मर्यादेत राहतात का, तेही मांडावं लागेल. नकाशाची प्रत काढून त्यावर लाल पेनने पर्यायी रेषा दाखवा. शंभर जणांनी एकच छापील मजकूर दिला तर तो सहसा एकत्रच ऐकला जातो, त्यामुळे सह्या गोळा करण्यापेक्षा आकडेमोड करण्यात वेळ घालवा.

आणि पोच घ्या. आवक क्रमांक नसलेली हरकत आलीच नाही असं म्हणणं सोपं असतं.

सुनावणीला काय होतं?

प्राधिकृत अधिकारी, महापालिकांत बहुधा वरिष्ठ सनदी अधिकारी, हरकतदारांना गटागटाने बोलावतात. मोठ्या शहरात एकेकाच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात. अर्ज वाचून दाखवू नका, तो त्यांच्या समोर असतो. थेट नकाशावर बोट ठेवा. जिल्हा परिषदांच्या हरकतींवर २०२५ मध्ये विभागीय आयुक्तांनी निर्णय दिले. तुम्हाला प्रभाग पटला असेल आणि दुसऱ्याने तो बदलावा अशी हरकत घेतल्याचं कळलं, तर मुदतीतच समर्थनाची सूचनाही देता येते. ‘हरकती व सूचना’ या शब्दांतला दुसरा भाग कुणी वापरत नाही.

विधानसभा मतदारसंघही याच वेळी बदलतात का?

नाही. ते काम केंद्राच्या परिसीमन आयोगाचं. सध्याचे विधानसभा मतदारसंघ २००८ मध्ये, २००१ च्या जनगणनेवरून आखलेले आहेत. एकच धागा जुळतो तो मतदार यादीचा : स्थानिक निवडणुकीला विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागनिहाय विभागतात. राज्य निवडणूक आयोग तिच्यात नवीन नाव घालत नाही किंवा वगळत नाही. त्यासाठी विधानसभेच्या यादीतच आधी नोंद करावी लागते, आणि ती निवडणुकीच्या तोंडावर करून उपयोग नसतो, कारण यादीसाठी एक ठरावीक तारीख धरतात. २०२६ च्या महापालिकांसाठी ती १ जुलै २०२५ होती.

अंतिम रचना पटली नाही तर कोर्टात जाता येतं का?

जाता येतं, पण दार अरुंद आहे. अनुच्छेद २४३-ण आणि २४३-यछ नुसार प्रभागांच्या सीमा ठरवणाऱ्या कायद्याची वैधता न्यायालयात प्रश्नास्पद करता येत नाही. उच्च न्यायालय रिट ऐकतं ते मुख्यतः प्रक्रियाच पाळली नसेल तेव्हा : प्रारूप प्रसिद्धच केलं नाही, हरकती ऐकल्याच नाहीत, असं काही. ‘रेषा इथून जायला हवी होती’ यावर न्यायालय सहसा स्वतःचा नकाशा काढत बसत नाही. निवडणूक जाहीर झाल्यावर तर हात लावायला ते फारच नाखूष असतं.

प्रभाग रचना रखडली म्हणून निवडणूक पुढे ढकला, हेही चालत नाही. २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या किशनसिंग तोमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांच्या आत निवडणूक झालीच पाहिजे असं सांगितलं. तरीही मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान जानेवारी २०२६ मध्ये झालं. तोवर तिथे प्रशासक होता.